पुढच्या दाराने

"घरात कोणी शास्त्रज्ञ आहे का? किंवा प्रयोगशाळेत काम करणारं?"

सर्वेक्षणवालीने टॅबवरची नजर न काढताच विचारलं. लोकांचा शास्त्रज्ञांवर किती विश्वास आहे ते मोजायला ती सकाळपासून गल्लीतलं एकेक घर पालथं घालत होती.

"आहे की," आई म्हणाली. "माझी लेक. पाणी तपासते."

सर्वेक्षणवालीचं बोट थबकलं. "मग काकू, तुमची मुलाखत इथेच संपली. घरातलंच माणूस असलं की मत एका बाजूला झुकतं. तसा नियमच आहे."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि कारखाना बंद पडून ज्यांची कामं गेली, त्यांची मतं अगदी ताठ उभी असतील, नाही का?"

गल्लीच्या पाण्यात रंगाच्या कारखान्यातलं शिसं उतरलंय, असं लेकीने लिहून दिलं होतं आणि कारखान्याला कुलूप लागलं होतं. शिसं काही कोणाला डोळ्यांनी दिसत नव्हतं. कुलूप मात्र येताजाता दिसायचं. पुढच्या दारावर कोणीतरी डांबराने 'खोटारडी' असं लिहून ठेवलं. आईने रॉकेल लावून दार घासघास घासलं. डांबर गेलं, अक्षरं राहिली. सर्वेक्षणवाली त्या अक्षरांसमोरच उभी होती आणि ती वाचलीच नाहीत असं दाखवत होती.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

"आत ये," आई सर्वेक्षणवालीला म्हणाली. "ये, ये. तुझ्या कामाचंच आहे."

स्वयंपाकघरात शेजारीण उभी होती. कारखान्यासाठी ओरडायला हीच सगळ्यांच्या पुढे होती. आता मात्र तिचा आवाज जेमतेम ओठांबाहेर येत होता. "अगं, लेक आहे का घरात? आमच्या सुनेला दिवस गेलेत. नळाचं पाणी तिला द्यावं की नको, तेवढं बघून सांगितलं असतं तर..." तिने शालीखालून बाटली काढली. बाटलीच्या गळ्याला पिवळी लोकर बांधलेली होती.

ओट्याखाली आधीच बाटल्यांची रांग होती. एकीला लाल दोरा, एकीला केसांची पिन, एकीला बुटाची तुटकी नाडी. नाव कोणीच लिहीत नसे. ओट्याखालून कोणाचं नाव बाहेर फुटलं तर पंचाईत! लेक काम आटोपून आली की त्या तपासायची आणि ज्याचं त्याला मागच्या दारातच हळूच सांगायची.

"सकाळी हिला काय उत्तर दिलंस?" आईने शेजारणीला विचारलं.

"काकू, उत्तरं गुप्त असतात," सर्वेक्षणवाली घाईने म्हणाली.

"मी तुला नाही विचारत. हिला विचारतेय."

शेजारणीने मान खाली घातली. "सगळ्यांनी दिलं तेच. अजिबात नाही, म्हणून."

"मग जा की त्या सगळ्यांकडे! सांगतील ते, सुनेला कुठलं पाणी पाजायचं ते!" आई सर्वेक्षणवालीकडे वळली. "बघतेस ना? ही बाटली बघ. ओट्याखालच्या त्या बघ. टाक तुझ्या यंत्रात."

"याला रकाना नाही, काकू," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

आईने बाटली हिसकावली आणि झाकण फिरवून मोरीवर उपडी धरली.

"आई, ओतू नकोस." लेक दारात आली होती. "सुनेने काय बिघडवलंय आपलं?"

"तुझं हे असंच! त्यांनी दारावर डांबर फासायचं आणि तू मागून त्यांचं पाणी तपासत बसायचं!" आईचा आवाज फाटला. पण बाटली तिने सरळ केली. झाकण घट्ट लावून ती शेजारणीच्या हातात परत कोंबली. "तपासेल ती. तपासणार नाही असं नाही. पण पुढच्या दाराने ये. गल्लीला वळसा घालून, बाटली हातात धरून. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, हे आता पुरे."

शेजारीण मागच्या दाराने निघून गेली. सर्वेक्षणवाली बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिने टॅब बंद करून ठेवला होता.

आई पुढच्या दारात येऊन उभी राहिली. गल्ली भरलेली होती. कोणी पायरीवर, कोणी खिडकीत, कोणी उगाचच सायकल पुसत होतं. बराच वेळ कोणी वळणावरून आलं नाही.

"नाही यायची ती," लेक मागून म्हणाली. "आणि तिची सून तेच पाणी पीत राहील."

आईने वळणाकडे बघितलं. जावं का आपणच, आणावी का ती बाटली मागून? तिने एक पाय पायरीवर टाकलाही. आणि शेजारीण वळणावर दिसली.

शाल खांद्यावर होती. बाटली समोर, दोन्ही हातांत. सायकल पुसणाऱ्याचा हात थांबला. एक खिडकी लागली, दुसरी उघडली. शेजारीण कोणाकडे न बघता चालत आली. सर्वेक्षणवाली पायरीवरून बाजूला सरकली.

"घे बाई लवकर," शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली. "सगळे बघतायत."

आईने बाटली घेतली नाही. ती आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

बाहेर सगळं शांत होतं. दारभर अक्षरंच पसरलेली होती. हात टेकवायचा तर त्यांच्यावरच टेकवावा लागणार होता. मग हलकेच टकटक झाली.

लेक उघडायला पुढे झाली, तसा आईने तिचा दंड धरला.

"थांब. अजून एकदा वाजवू दे. गल्लीला ऐकू गेलं नाही."