समुद्राचा सातबारा

पवनचक्कीचं पातं वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर तिसगावजवळच्या वळणावर अडला, कारण चाकं जिथून वळायची त्या आपल्या बांधावर भिमाजी आडवा पडला होता. कंपनीनं पोसलेला गुंड वैजनाथ, त्यानं त्याला बखोटीला धरून उठवलं आणि लोखंडी गज उगारला.

"उजवा नको," गाडीची काच खाली करून कंपनीचे अनिमेष साहेब ओरडले. "संमतीपत्रावर सही राहिलीय त्याची."

वैजनाथनं डावा हात मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. भिमाजीची बायको रंगुबाई बाजरीतून किंचाळत धावत आली, तिला त्यानं लाथेनं उताणी पाडली. ट्रेलर बांध चेपत पुढं गेला.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "ही शेवटची मारामारी, वैजनाथ. आता आपण समुद्रात चक्क्या उभारणार. सरकारचं धोरण आलंय, परदेशी बँकाही तयार झाल्यात. समुद्राला सातबारा नसतो, त्यामुळं भांडण नाही."

गजावरचं रक्त पुसता पुसता वैजनाथ थांबला. "म्हंजी तितं आडवं यायला कुनीच न्हाई?"

साहेबांनी गाडीची काच वर घेतली.

"कोळी असतात," ते म्हणाले. "तुला पोहता येतं का रे?"