आधीचा डबा

त्या वर्षी जानेफळला लाईट दुपारी दोनला यायची आणि सहाच्या ठोक्याला जायची. पावणेसहा होत आले होते. मंजुळाबाईच्या चक्कीवर अजून पाच डबे रांगेत होते, आणि कोपऱ्यात पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून तिची दुर्गा बसली होती. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेलेली. वायर चक्कीच्याच बोर्डात खुपसलेली. बटणांवर पिठाचा पातळ थर.

पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं होतं. 'काम चांगलं आहे. पण तुझ्या आधी एकाने हे करायला मागून ठेवलं होतं. त्याला विचारलंस का?'

शाळा-वाचनालयांतली पुस्तकं नोंदवायचा तो एक प्रोग्राम. ओपन सोर्स. कोड सगळ्यांना उघडा. ज्याला जमेल त्याने चूक दुरुस्त करून पाठवावी, सांभाळणाऱ्यांनी तपासून आत घ्यावी. दुर्गा दोन महिने तिथली चुकांची यादी चाळत होती. एकही तिच्या आवाक्यातली नव्हती. मग ही सापडली. मध्येच लाईट गेली की भरलेलं सगळं पुसलं जातं. वाचून ती एकटीच हसली होती. ही चूक जानेफळच्या पोरीला कळणार नाही तर कुणाला? चार दुपारी खपून तिने ती दुरुस्त केली आणि सांभाळणाऱ्यांकडे पाठवली; त्याचंच हे उत्तर.

त्या चुकीखाली तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'हे मी करतो.' कुठल्या मुलखातला कोण, नावही नीट वाचता येईना. पुढे त्याचा काही पत्ता नव्हता. दुर्गाने ती ओळ वाचली होती. वाचून खाली सरकली होती.

सोमवारी कॉलेजात यादी लागणार होती. ज्याचं काम अशा प्रोग्राममध्ये घेतलं गेलं, त्यालाच पुण्याला सहा महिने शिकायला पाठवणार होते. वर्गात अजून कुणाचंच झालं नव्हतं.

तिने लिहिलं, 'हो, विचारलं. उत्तर आलं नाही.' पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. खरं-खोटं विचारायला कोण येणार होतं जानेफळला?

"मंजुळाबाई, माह्यं टाका आता." रांगेतला उकंडराव उठून उभा राहिला होता. "या डब्याची मालकीण हाये कुठं? दुपारपासून तानुबाईचा पत्ता नाही."

"डबा हाये ना उभा?" मंजुळाबाईने मान वर न करता विचारलं. "मंग तानुबाई उभी हाये समजा."

"माणूस नाही अन् डब्याले एवढा मान! दहा मिन्टात लाईट जाऊन राह्यली. माह्या घरी पीठ नाही चिमूटभर."

"तुमी मेहकरले दवाखान्यात होते तवा तुमचा डबा सरकवला होता का कोनं?"

बाकीच्या बाया हसल्या. "काऊन जुनं काढता," असं पुटपुटत उकंडराव पुन्हा पोत्यावर बसला. मंजुळाबाईने तानुबाईचा डबा उचलला आणि गहू चक्कीत ओतले.

दुर्गाचं बोट बटणावरच होतं. तानुबाईच्या गव्हांचा खडखडाट सुरू झाला, मग मंदावला. पांढरं पीठ डब्यात पडू लागलं. ती ते बघत राहिली. घड्याळात सहाला दोन मिनिटं होती.

तिने लिहिलेलं पुसलं. 'नाही विचारलं. त्याची ओळ मी वाचली होती.' एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

ओळ गेलेली दिसली, आणि थोड्याच वेळात लाईट गेली. पडदा काळा झाला. चक्कीचा पट्टा दोन फेरे आपसूक फिरला आणि थांबला. एवढ्या वेळच्या घरघरीनंतरची ती शांतता कानाला टोचत होती. उकंडरावाने ज्वारीचा भरलेला डबा तसाच खांद्यावर घेतला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

मंजुळाबाईने पदराने तोंडावरचं पीठ पुसलं. तिला त्या कामातलं काही कळत नव्हतं, पण चार दुपारी पोरगी जेवणाला उठत नव्हती, तेवढं तिने पाहिलं होतं.

"झालं का माय तुह्यं? घेतलं का त्यायनं?"

"नाही."

"काऊन? चांगलं नव्हतं झालं का?"

दुर्गा वायर गुंडाळत होती. गुंडाळलेली पुन्हा सुटली.

"माह्या आधी एकाचा डबा हाये, आई."

 झाडू घेऊन मंजुळाबाई चक्कीखालचं पीठ गोळा करू लागली. दुर्गा बाहेर आली. रस्त्यावर दूरपर्यंत कुणी नव्हतं. तानुबाईचा डबा दाराशी उभा होता, झाकण लावलेला, आतल्या पिठाने अजून गरम.