बोंबलाची जोडी

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, गांजा कायदेशीर करावा का, आणि उन्नतीच्या चिठ्ठीत निघालं ‘करावा’. घरात हे बोलायचं कुठल्या तोंडाने? गांजापायीच तिच्या जतीनदादाच्या कानात नसलेले आवाज येऊ लागले होते. बोटीवरचं काम सुटलं, इस्पितळ झालं, आता रोजच्या गोळ्या. म्हणून ती भाषण पाठ करायला धाकटी डहाणू गावाच्या खाडीवर, बोंबील वाळत घालतात तिथे गेली, तर दादा आधीच तिथे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. पण गोळ्यांनी त्याचे हात थरथरत आणि जोडी सुटून वाळूत पडे. “म्हणून दाखव,” तो म्हणाला, “तुझा भाषणाचा कागद आईला सापडला, तिने सांगितलंय मला.” “नको दादा, मी नाव मागे घेते.” “येडी का काय! मुद्दा लिहून घे. पहिला आवाज आला त्याच दिवशी तुला सांगणार होतो. पण मग गांजाचंही सांगावं लागलं असतं. पोलिसांच्या भीतीने वर्षभर गप्प राहिलो.” “म्हणजे कायदेशीर करावा?” “ते मला नाय कळत. ओढू नये, एवढं कळतं. पण झालं तर सांगता आलं पाहिजे.” एकदम तो थबकला, खाडीकडे कान देऊन उभा राहिला. “उन्नती, आता कोणी मला हाक मारली?” खाडीवर त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. “नाही रे दादा, कोणी नाही.” “बघ, या वेळी लगेच सांगितलं,” तो हसला. तिने बोंबलाचा जबडा उघडून धरला, त्याने दुसरा त्यात अलगद अडकवला.