डाव्या बाजूची शीर

"आईच्या हृदयामागची एक शीर नको तेवढी मोठी दिसतेय. पेसमेकरची तार घालायच्या आधी डॉक्टरांना नीट बघायला सांग," असं सोनोग्राफीवाल्या मबरूकामावशीनं इशराकला बजावलं होतं. इशराकच्या खांद्यावर दोन महिन्यांची लेक किरकिरत होती. "बघतील की ते, मावशी. बत्तीस वर्षं हेच करतायत," म्हणत तिनं विषय उडवून लावला.

दुसऱ्या दिवशी उम्मी, इशराकची आई, ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. आत शीर फाटली होती. डॉक्टर मुन्सिफनं अहवालात लिहिलं : बाहेर तान्हं मूल रडलं, त्या आवाजानं बाई दचकून हलली.

स्फाक्स शहरातल्या साऱ्या नातलगांनी ते खरं मानलं. इशराकच्या बाबांनी तर नातीला त्यानंतर एकदाही मांडीवर घेतलं नाही.

तीन वर्षं झाली. आज त्याच टेबलावर पेसमेकर बसवून घ्यायला मुन्सिफ स्वतः आडवा पडला होता, आणि क्ष-किरण यंत्रापाशी तंत्रज्ञ म्हणून इशराक उभी होती. तिची खरं तर आज सुट्टी होती. तिनं ती बदलून घेतली होती.

"कोण, इशराक का? पोरगी काय म्हणते? अजून तसंच भोकाड पसरते?" मुन्सिफ हसत म्हणाला.

"आता शहाणी झालीय, डॉक्टर."

"बरं झालं. लसाद, ऐक रे, डावीकडूनच घाल. मी कायम डावीकडूनच घालायचो."

"हो, सर." लसाद त्याचाच विद्यार्थी. त्यानं 'गरज पडली तर' म्हणत मुन्सिफचे दोन्ही खांदे बधिर केले आणि मध्ये हिरवं कापड ताणलं. आता मुन्सिफला फक्त इशराक दिसत होती.

"यंत्राचा पडदा वळव इकडे. माझं हृदय मलाही बघू दे."

"जरा थांबा. घाई कसली?"

तिनं त्याला बराच वेळ थांबवलं. कापडापलीकडे हत्यारांची किणकिण चालू होती. मग तिनं पडदा त्याच्या तोंडासमोर आणला.

काळी तार खाली सरकत होती. ती कण्याच्या उजवीकडे वळायला हवी होती. वळली नाही. डावीकडूनच सरळ खाली उतरत गेली.

मुन्सिफचं हसू मावळलं. "लसाद, थांब."

कापडापलीकडे लसादचे हात चालूच होते. तार पुढे सरकली, अडली, वाकली.

"अरे, थांब म्हणतो ना! ही डावी शीर आहे. एखाद्यालाच असते. वाट वेगळी असते तिची."

"मग रेटायची ना, सर?" इशराकनं शांतपणे विचारलं.

"गप्प बस तू! रेटली की फाटते!"

"तुम्हाला कसं माहीत? तुमच्या अहवालात तर अशी शीर कधी आलीच नाही. माणसं हलतात म्हणून फाटते, असं लिहिलंय तुम्ही."

तार आणखी वाकली. मुन्सिफच्या कपाळावरून घाम कानात उतरला.

"लसाद, मागे घे! इशराक, पाया पडतो, सांग त्याला!"

"सांगते. आधी तुम्ही सांगा. उम्मी हलली होती?"

"नाही."

"मोठ्यानं."

"नव्हती हलली! निपचित पडली होती बिचारी. मूल रडलं-बिडलं काही नव्हतं. मला वाट सापडेना आणि मी रेटली. मी रेटली! आता तरी थांबवा याला!"

कापडावरून लसादनं डोकं वर काढलं. त्याचा आवाज कोरडा होता.

"सर, तुमची तार उजवीकडून घातली. पेसमेकर चालू होऊन पाव तास झाला, मी टाके घालतोय. पडदा दाखवायला तेवढ्यासाठीच थांबलो होतो. घाबरून तुमचं हृदय अडखळलं, तरी आता ते थांबायचं नाही."

मुन्सिफनं पडद्याकडे पाहिलं. तार अजूनही रेटली जात होती.

इशराकनं माइकचं बटण दाबलं आणि काचेपलीकडच्या खोलीकडे वळून म्हणाली, "मबरूकामावशी, बाबांना जरा सावरा. पडद्यावरच्या जुन्या चित्रफितीतलं हे हृदय उम्मीचं आहे."