उरलंसुरलं

शाळेच्या स्नेहमेळाव्यात टेबलावर लहानपणीच्या खेळण्यांतले सातही द्वीपरक्षक मांडले होते आणि त्यांच्याभोवती चाळिशीला टेकलेली माणसं शाळकरी पोरांसारखी भांडत होती. शाळेत असताना विकत मिळणाऱ्या प्रत्येक खोक्यात एका रक्षकाचे जोडायचे तुकडे आणि गोष्टीचं एक पान यायचं. सातव्या पानावर ‘आता आठवा येईल’ असं छापलं होतं. पण त्याआधीच कंपनी बंद पडली आणि गोष्ट पंचवीस वर्षं लटकून राहिली.

“तुझ्याकडे कुठलं खोकं होतं गं?” नांद्रेकरनं विचारलं. अख्ख्या वर्गात सातही रक्षक होते ते त्याच्याचकडे.

“एकही नव्हतं,” शाल्मली म्हणाली.

घरी परवडायचंच नाही. पण प्रत्येक खोक्यात दोन-तीन तुकडे जादा निघायचे. पोरं ते फेकून द्यायची, ही मागून घ्यायची. “घे, तुला उरलंसुरलं,” म्हणत नांद्रेकरनंच तिच्या ओंजळीत मूठभर टाकले होते. ते सगळे एकमेकांत चपखल बसतात, हे तिला बाराव्या वर्षीच कळलं होतं. सांगणार कुणाला? खेळात कुणी घेतच नव्हतं.

तिनं पर्समधली रुमालाची पुरचुंडी सोडली आणि त्याच जादा तुकड्यांचा जोडलेला रक्षक सातांच्या मधोमध ठेवला. इतकी वर्षं रिकामे राहिलेले सातही पंजे त्याला खटाखट अडकले.

मग शिट्ट्यांनी हॉल दणाणला. नांद्रेकर तर खुर्चीवरच चढला. “अरे, आठवा आला!”

“आज नाही आला,” शाल्मली ताठ मानेनं म्हणाली. “पंचवीस वर्षं माझ्याकडेच होता.”