रिकाम्या मनोऱ्यातील टोले

अलाबामातील ते नदीकाठचे गाव वसून जेमतेम तीन वर्षे झाली होती. चर्चचा मनोरा उभा होता. घंटा मात्र अजून बोटीने यायची होती. तरीही सोमवारी भर दुपारी त्या रिकाम्या मनोऱ्यातून मृत्युघंटा वाजली. मृताच्या वयाइतके टोले द्यायचे, ही तिथली रीत. एकसष्ट टोले पडले, आणि सायंकाळी एकसष्ट वर्षांचे प्रुइट गिरणीवाले गेले. बुधवारी चोवीस पडले. लोहाराची तरुण बायको गेली.

शुक्रवारी पहिला टोला पडताच जोसाया सुताराने सात वर्षांच्या टेम्पीला छातीशी घट्ट धरले. सहा. सात. आठ.

"सुटलीस गं पोरी!" तो रडतारडताच हसला.

टोले चाळिशी, साठी ओलांडून गेले. ऐंशी वर्षांची केझाया आजी, गावातली सर्वांत वृद्ध, पायरीवर नीट सावरून बसली. "म्हणजे माझाच नंबर. जोसाया, पेटी देवदाराची कर हं, कंजूषपणा नको!"

सगळे हसले. ऐंशी झाले. मग एक्याऐंशी.

दोनशेव्या टोल्यापर्यंत रस्त्यावर सारे गाव गोळा झाले होते.

"बाबा," टेम्पीने विचारले, "एवढं म्हातारं कोण आहे आपल्यात?"

जोसाया घरोघरच्या माणसांच्या वयांची मनाशी बेरीज करू लागला होता.