मिठाचा तास

एका तासाला दोन मास्तर कशाला, एवढंच अनुदान समितीला कळत नव्हतं.

बाई रसायनशास्त्राच्या. अठरा वर्षं त्या आणि इतिहासाचे सर मिळून पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘मीठ’ हा एकच विषय शिकवत आले होते. एक जण फळ्यापाशी, दुसरा मुलांमध्ये तिसऱ्या बाकावर. बाकावरच्याचं काम एकच: पटलं नाही की हात वर करायचा. आणि दोघांचं कधी पटलं असेल तर शपथ! मुलं त्याला विळ्या-भोपळ्याचा तास म्हणायची. गेल्या वर्षी सर वारले, आणि विद्यापीठाचं अनुदान यंदा नव्याने मंजूर व्हायचं होतं. ते नाही मिळालं तर विषयच बंद.

अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते. तोडगा त्यांनीच काढला. इतकी वर्षं ऐकून सरांचा भाग बाईंना तोंडपाठ असणारच, मग दोन्ही भाग त्यांनीच शिकवावेत. एका शिक्षकापुरतं अनुदान आजच मंजूर करू. फक्त सरांचा एक तास नमुन्याला घेऊन दाखवावा. बाईंनी विचार केला, दगडापेक्षा वीट मऊ. विषय तर वाचेल. त्या हो म्हणाल्या.

वर्ग तोच होता. समिती पहिल्या बाकावर अवघडून बसली. बाईंनी खडू घेतला आणि आधी त्याचे दोन तुकडे केले. ही सरांची खोड आपल्या हातात कधी उतरली, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्या बोलायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर झकास बोलल्या. सरांची थांबण्याची जागा, सरांचा खाकरा, मधूनच खिडकीबाहेर बघणं, काही म्हणजे काही सुटलं नाही.

“राजाने मिठावर कर बसवला. लोकांनी वर्षभर अळणी खाल्लं, आणि त्या अळणी घासांनीच ते राज्य बुडवलं.”

इथे बाई थांबल्या. दर वर्षी याच वाक्याला तिसऱ्या बाकावरून त्यांचा हात वर जायचा, दर वर्षी नवी शंका घेऊन. सर आधी चिडायचे. मग पुढच्या आठवड्यात कुठल्याशा जुन्या दप्तरातून एखादा कागद शोधून आणायचे आणि सगळ्या वर्गासमोर सांगायचे, बाईंनी माझा रविवार खाल्ला. शेवटच्या वर्षीची शंका मात्र तशीच राहून गेली. रविवारी बघतो, म्हणाले होते. त्या रविवारी ते दवाखान्यात होते.

तिसरा बाक रिकामा. बाई थांबल्या त्या थांबल्याच.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. “अगदी पटलं. शंकेला जागाच नाही.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी पेन उघडलं आणि अर्जावर ‘शिक्षक’ या रकान्यात एकचा आकडा घातला.

अठरा वर्षांत त्या वाक्याला कुणी असं फुकट सुटू दिलं नव्हतं. सर जाऊन वर्ष झालं होतं, रडून झालं होतं, पण ते गेल्याचं बाईंना खऱ्या अर्थाने आत्ता कळलं.

त्यांनी खडू खाली ठेवला. पायऱ्या उतरून त्या तिसऱ्या बाकाशी गेल्या आणि सरकत सरकत आत शिरल्या. गुडघा नेहमीच्याच फळीला आपटला. बसल्या, आणि फळ्यापुढच्या मोकळ्या जागेकडे बघत त्यांनी हात वर केला.

“मला नाही पटलं. दिवसभर उन्हात राबणारी माणसं वर्षभर अळणी खाऊन उभी राहतील? चोरून मीठ मिळवत असणार. कुठून?”

समितीने फळ्याकडे पाहिलं, मग वळून बाईंकडे. शेवटी अध्यक्षांनाच राहवलं नाही.

“खरंच,” ते म्हणाले, “कुठून मिळवत होते?”

“मला काय माहीत? मी रसायनाची.”

अध्यक्षांचं पेन त्या एकच्या आकड्यावर तसंच थांबलं. बाईंनी हात खाली घेतला नव्हता.